म्हादूमामा चौथ्या भागातही आला नाही

प्रिय दादा,

काल परभणीला जाऊन पिच्चर बघून आले. तुला दिलेला अर्धा शब्द पाळला. उरलेला अर्धा म्हणजे तुला सांगायचं, आणि तिथंच माझं अडलंय. सांगावं असं त्यात काही नाही रे. म्हणून मशीन बंद केली, अर्धवट शिवलेलं ब्लाऊज बाजूला सारलं आणि लिहायला बसले. समोर असतास तर माझं तोंड बघूनच ओळखलं असतंस.

तू अंथरुणाला लागला होतास तेव्हा मोबाईलवर या चौथ्या भागाची जाहिरात आली. तिसऱ्यानंतर सतरा वर्षांनी! दोन दिवस अन्नाला शिवला नव्हतास, पण ती जाहिरात पाच वेळा पाहिलीस. मग मोबाईल माझ्या हातात देऊन म्हणालास, "मंगे, मी काय आता परभणी बघत न्हाई. तू बघून ये. आन् मला सांग. आजवर मी सांगितलं, आता तुझी पाळी." मी म्हणाले, "गप पड, दोघं मिळून जाऊ." तू नुसता हसलास आणि माझा शब्द घेतलास. पंधरा दिवसांनी गेलास.

पाथरीहून निघताना ह्यांना खरं तेच सांगितलं. हे म्हणाले, "एकटीच? पिच्चरला?" मग हळूच म्हणाले, "जा. आमच्या आईला म्हन कापड आणायला चालले." माणूस वाईट नाही रे. सोबत येतो म्हणाला असता तर बरं वाटलं असतं का, ते मात्र मला सांगता येत नाही.

दुपारच्या खेळाला सगळी मिळून सात-आठ माणसं. तू पहिला भाग पाहिलास तेव्हा पायरीवर बसायला जागा मिळाली होती म्हणे. आपल्या पिंगळीहून पॅसेंजरनं जायचास आणि आल्यावर दोन दिवस तोंडातून एक अक्षर काढायचा नाहीस. आम्ही किती मागं लागायचो! "कातरायच्या दिवशी सांगतो," एवढंच.

कारण तुझी तशी रीतच होती. पाऊसकाळ संपला की चाळीस मेंढ्या कातरायच्या. तू पाय बांधून मेंढी आडवी पाडायचास, मी तिचं डोकं मांडीवर धरून बसायची आणि कातर चालू झाली की गोष्ट चालू. मेंढी सोडली की गोष्ट थांबली. पुढची धरून आणेपर्यंत माझा जीव नुसता टांगलेला. म्हणून तर मी पळत जाऊन आणायची. माझ्याकडून काम काढून घ्यायची तुझी ती युक्ती होती, हे मला लग्नानंतर कळलं.

नावं तुला कधी धड घेता आली नाहीत. पिच्चरमधल्या त्या एकडोळ्या नावाड्याचा तू म्हादूमामा केलास आणि तोच माझा सगळ्यात आवडता झाला. दुसऱ्या भागात सात दरवाजांच्या किल्ल्यातून गोष्टीतल्या पोरीला बाहेर काढताना तो काळ्या पाण्यात बुडाला, तेव्हा मी मेंढीच्या लोकरीत तोंड खुपसून रडले होते. आई तेव्हा होती. तिनं मला जवळ घेतलं आणि तुलाच रागावली, "कशाला असलं सांगतू रं लेकराला?"

तिसऱ्या भागाच्या वर्षी आई नव्हती.

त्या वर्षीचं कातरणं मला लख्ख आठवतं. पंचविसाव्या की सव्विसाव्या मेंढीला तू थांबलास. दगडावर कातर घासत बसलास. लय वेळ घासलीस. मी विचारलं, "मग काय झालं? संपलं का?" तू म्हणालास, "संपतंय कुठं? आजून चौदा मेंढ्या हायती." आणि मग धुक्यातून नाव आली. नावेत म्हादूमामा. अंगावरून पाणी निथळतंय, पण हसायलाय. पोरीला म्हणाला, "चल घरी." चौदा मेंढ्या तो तिला घरीच नेत होता. मी त्या दिवशी पोटभर जेवले. कितीतरी दिवसांनी जेवले होते.

काल मी त्याचीच वाट बघत बसले होते, दादा. पडद्यावर काय चाललं होतं विचारू नकोस. तुझ्या गोष्टीतल्या आगीच्या सापाचा एकेक खवला सुपाएवढा होता. हा साप मोबाईलमधल्या खेळातल्यासारखा, नुसता इकडून तिकडं. नायक म्हातारा झालाय, पण कॉम्प्युटरनं त्याचं तोंड तरुण केलंय, त्यामुळं रडतो तेव्हा गालच हलत नाहीत. पोरगी आता राणी आहे, दोन मिनिटं आली आणि गेली. सातही दरवाजे पहिल्या अर्ध्या तासातच पाडून टाकले. मला वाटलं, असू दे, शेवटी तरी नाव येईल. नट-नट्यांच्या नावांच्या पाट्या वर सरकत गेल्या, दिवे लागले, तरी मी बसूनच. झाडायला आलेली बाई म्हणाली, "झालं वं माय, आता काय न्हाई त्याच्यात." मी तिला विचारलं, "नावाडी का नाही आला?" ती खुर्च्यांखाली झाडत पुढं गेली.

घरी येऊन मोबाईलवर तिसरा भाग लावला. म्हटलं, निदान त्यात तरी मामाला बघू. पूर्ण पाहिला. त्यात नाव नाही, धुकं नाही. म्हादूमामा दुसऱ्याच भागात मेला तो मेलाच. पोरगी शेवटी एकटीच डोंगर उतरते आणि संपतं. तोही पिच्चर काही खास नव्हताच रे.

लबाड! सतरा वर्षं कळू दिलं नाहीस. टीव्हीवर तिसरा लागला की "क्रिकेट लाव" म्हणून रिमोट ओढून घ्यायचास, ते उगाच नव्हतं तर. तिकीट काढून गेलास, निराश होऊन आलास, आणि तुझीही आई गेलेली होती. तुला कुणी नाव आणली? मी एकदाही विचारलं नाही. तेव्हा तू एकवीस वर्षांचा होतास. मला वाटायचं, तू मोठा आहेस.

आता इथं मला फार एकटं वाटतं, दादा. घरात माणसं आहेत, मशीनवर कामही आहे. पण "मग काय झालं?" असं ज्याला विचारावं, असं कुणी राहिलं नाही.

वहिनीनं अकरा मेंढ्या ठेवल्यात, विकल्या नाहीत. पाऊसकाळ संपला की मी येणार आहे. ती डोकं धरेल, कातर मी चालवेन. कापडावर चालते, लोकरीवरही चालेल. आणि शब्द देते, तुला चौथा भाग सांगेन. परभणीत दाखवला तो नाही. दहा मेंढ्यांपर्यंत साप, दरवाजे, लढाई, सगळं तुझ्यासारखं रंगवून सांगेन.

अकरावीला धुकं पडेल. नाव येईल. यंदा म्हादूमामाच्या शेजारी तू बसलेला असशील.

तुझी,
मंगी