सकाळी भाजी काय होती?

माय, तुझी पोरगी पुन्हा शाळेत जायला लागली होती. हसू नकोस. केस पिकायला लागले, पोटची पोर सातवीत गेली, आणि मी दर शनिवारी पहाटेच्या गाडीने लातूरहून नांदेड गाठून सायबर सुरक्षेत पदव्युत्तर पदवी घेत होते. म्हणजे काय, ते तुला सोपं करून सांगते. आताचे चोर दार फोडत बसत नाहीत. फोनवर गोड बोलून आपल्याच हाताने कडी काढायला लावतात. ती कशी काढायची नाही, हे मी शिकले. वर्गातली बाकीची पोरं माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची. लातूरच्या ज्या कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते, तिथल्यांनी ही पदवी नसेल तर पुढच्या वर्षी ठेवता येणार नाही असं तोंडावर सांगितलं, म्हणून हा म्हातारपणीचा खटाटोप. म्हातारपण हा शब्द तुझ्यासमोर काढायला लाजच वाटते. तू गेलीस तेव्हा माझ्या आजच्या वयापेक्षा कितीतरी लहान होतीस.

शेवटच्या परीक्षेसाठी मी जो प्रकल्प केला तो तुझाच होता: फोनवरचा माणूस खरा की चोर, हे घरच्या खुणेवरून ओळखायची पद्धत. भूकंपानंतर किल्लारीकडच्या आपल्या गावाला पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं, ते दिवस आठव. सारखी परक्या माणसांची ये-जा, जीपा, ट्रक, कपडे वाटणारे, फोटो काढणारे. पोरं पळवतात अशी एक आवई उठली आणि तू दुसऱ्याच दिवशी नियम काढलास. शेडपुढच्या चुलीवर तू भाकरी थापते आहेस, मी वेणी घालून घ्यायला तुझ्या पाठीशी बसले आहे, आणि तू तव्यावरची नजर न काढता सांगते आहेस, "शाळंत कुनीबी न्यायला आलं, सख्खा मामा का असंना, आदी इचारायचं, सकाळी भाजी काय व्हती? सांगितलं तर जायचं, न्हाई तर जाग्यावरनं हलायचं न्हाई." नियम चांगला, पण आपल्या घरी उठून सुटून पिठलंच. एकदा शेजारच्या शेडमधली म्हातारी गंमत म्हणून शाळेच्या दारात आली आणि बेधडक "पिठलं" म्हणाली. मी दप्तर घेऊन निघाले की तिच्याबरोबर! घरी तू आधी तिला झापलंस, मग मला, आणि शेवटी कपाळावर हात मारून घेतलास. "लई सोपं झालं गं माय," म्हणालीस, आणि तेव्हापासून आपल्या ताटात कधी चुका, कधी चवळी, कधी शेपू यायला लागला. घरची परिस्थिती सुधारली असं लोकांना वाटलं असेल.

तर परीक्षेच्या दिवशी मी नांदेडला पोहोचले आणि बघते तर फोन घरीच, चार्जिंगला लावलेला. प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवर प्रकल्प उघडायला गेले, तर तो म्हणतो, तुमच्या फोनवर आलेला कोड टाका. बाहेरून आलेले परीक्षक शेजारच्या खोलीत चहा पीत होते. पुढचा नंबर माझा. "मॅडम, नुसतं काय बघून राहिल्या? माझ्यावरून लावा की," असं म्हणत लोह्याहून येणाऱ्या, वर्गातल्या एका पोराने आपला फोन पुढे केला. स्वतःचा नंबर तेवढा मला पाठ, तो लावला. शनिवारची शाळा करून पोर घरी आली होती. मी म्हटलं, "बाळा, मी आई बोलते. आत्ता फोनवर एक कोड आला असेल, तो वाचून दाखव बरं पटकन." बोलताना माझ्या लक्षातही आलं नाही की चोर हेच, अगदी याच घाईने बोलतात.  पलीकडून बारीक पण घट्ट आवाज, "सकाळी भाजी काय होती?"

तुझा नियम मीच तिला शिकवला होता. पण मी पहाटे चटणी-दशमी घेऊन निघालेली, भाजी मागाहून तिच्या बापाने केलेली. "अगं, मला कसं माहीत असणार? पप्पांनी केली ना!" "आवाज कुणाचाही काढता येतो, असं आई म्हणते. आई असाल तर भाजी सांगा." मी अंदाजाने वांगं म्हटलं. फोन कट. पुन्हा लावला तर बंद. नवऱ्याचा नंबर पाठ नाही. सायबर सुरक्षा शिकणारी बाई स्वतःच्याच दाराबाहेर उभी, आणि त्या क्षणी पोरीचा मला असा राग आला की विचारू नकोस.

रिकाम्या पडद्यासमोर बसून परीक्षकांना सगळं खरं ते सांगितलं. लोह्याचं पोरगं तोंड दाबून हसत होतं. परीक्षक हसले नाहीत. म्हणाले, "समजा, तुम्ही खरोखर संकटात असता. खऱ्या माणसालाच खूण माहीत नाही, मग तुमची पद्धत त्यालाच बाहेर ठेवणार. याला उत्तर काय?" पुस्तकातली सगळी उत्तरं डोक्यातून गेली. समोर दिसला तो त्या दिवशी माझ्या शाळेच्या दारात उभा असलेला, माझ्या वडिलांचा लांबचा चुलतभाऊ.

तो लातूरला राहायचा, मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. सकाळी तुझं पोट दुखत होतं एवढंच मला माहीत. दुपारी हा उंच, घामेजलेला माणूस येतो आणि म्हणतो, "चल पोरी, तुझ्या मायला लातूरच्या दवाखान्यात नेलंय." मी बाकाला घट्ट धरून विचारते. तो म्हणतो, "शेपू. शेपू सांग म्हनली. दुसरं काई बोललीच न्हाई, माझ्याकडनं दोनदा वदवून घेतलं तिनं." त्याच शेपूवरून मी सकाळी ताट सरकवून रुसून गेले होते. तुझ्या खाटेशी पोहोचले, तर तू डोळे उघडून आधी हेच विचारलंस, "शेपू म्हनला का त्यो?" मी हो म्हटलं. मग तू निवांत झालीस. तुझं त्यानंतरचं बोलणं मला नीट आठवत नाही, आणि त्याच आठवड्यात तू गेलीस.

मी परीक्षकांना म्हटलं, "सर, आपल्या माणसाला जपायचं असेल तर खूण आधी पाठवावी लागते, मग निरोप. माझ्या आईने दवाखान्यातून पाठवली होती. मी आज निघताना विचारून घेतली नाही. माझी पोर बरोबर वागली."  त्यांनी पाणी मागवलं, आणि पाणी पिऊन झाल्यावर घरात एक राखीव खूणही असावी हे माझ्याकडून अहवालात लिहून घेतलं. संध्याकाळी घरी आले तर पोर घाबरून कोपऱ्यात. तिला कवटाळलं आणि भाजी विचारली. बटाटा होता.

काल निकाल लागला, माय. पास झाले. तुला सांगितल्याशिवाय राहवेना म्हणून हे लिहायला घेतलं. आता एक शेवटचं. घरातल्यांची, जेवणाची, भाजीची नावं पासवर्डला ठेवू नका, असं मी वर्गात पोरांना ओरडून सांगते. आपल्या घरातल्या जुन्या फोटोंच्या खात्याला, ज्यात तुझा एकुलता एक फोटो आहे, माझाच पासवर्ड काय आहे हे तू ओळखलंच असशील. तो इथे लिहिला गेला, म्हणजे नियमाप्रमाणे एक तर तो बदलायला हवा, नाही तर हा कागद कुणाला दाखवायला नको. कागद घडी करून ठेवते.