आबांचा पटका

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वॉर्डात एखाद्या म्हाताऱ्याला घास भरवायला गेले की मागून तुमचा आवाज येतो. दौंडच्या दवाखान्यात तुम्ही मोठ्या सिस्टर, मी नवी नर्स होते. एका आजींची वेणी घालायला मोठ्या हौसेनं बसले, तर तुम्ही माझ्या हातातली फणी काढून आजींच्या हातात दिलीत. म्हणालात, "सेवा कर, पण त्यांचं काम हिसकून घेऊ नको." आजींची वेणी पार वाकडी झाली, आन् त्या दिवसभर ती सगळ्यांना दाखवत बसल्या. मला तवा हसू आलं होतं.

आता मी शिरूरला आहे. मागच्या महिन्यात राहू गावचे एक आबा आले, खुब्याचं ऑपरेशन झालेले. उमेदीत मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेला माणूस, पण इथं कॉटवरून उठायचं नाव नाही. सून बिचारी मायेची, पाणीसुद्धा चमच्यानं पाजायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता उठले नाहीत तर कायमचे अंथरुणाला खिळतील. मी व्हरांड्यात चला म्हटलं की आबा म्हणायचे, बोडक्या डोक्यानं चारचौघांत बसत न्हाई. म्हणून सुनेला घरून पटका आणायला सांगितला. तर आबा मला म्हणे, हात वर होत न्हाईत, तूच बांध.

बांधला. आबांनी शेजारच्याचा आरसा मागून घेतला, बघितलं आन् भडकलेच. "आगं पोरी, माझं डोकं फुटलंय व्हय? ही पट्टी हाय का पटका?" सगळा वॉर्ड हसतोय, सून पदरात तोंड लपवतेय, आन् आबा तणतणत उठून बसलेत. पटका ओढून काढला, एक टोक सुनेच्या हातात दिलं, ताण देताना पाय आपोआप जमिनीवर टेकले. दोन्ही हात डोक्यावर! मग वॉकर धरून व्हरांड्यात गेले ते असे ऐटीत, की मला रडूच आलं. रोज स्वतः पटका बांधून बसायचे. घरी गेले तेही काठी टेकत, आपल्या पायांनी.

पटका मुद्दाम वेडावाकडा बांधायच्या माझ्या युक्तीचं डॉक्टरसाहेबांनी कौतुक केलं. नव्या पोरींनाही मी ती मान ताठ करून सांगते. पण हे पत्र कुठल्या टपालपेटीत पडायचं नाही, म्हणून तुम्हाला एकटीला सांगते, बाई. युक्तीबिक्ती काही नव्हती. मी अगदी मन लावून बांधला होता.