हिचा सखा

४ मार्च
भांडी घासता घासता ही मोठ्यानं पाठ करते. सखा काय, प्राणप्रिय काय! शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, प्रेमगीत आहे म्हणे. चर्चमध्ये शुक्रवारी बायकांचा वर्ग भरतो, तिथं सध्या हेच चालू आहे. त्यातली प्रेयसी म्हणजे आपण आणि प्रियकर म्हणजे देव.
मला मात्र लग्नापासून एकच — "अहो, ऐकलंत का."

५ मार्च
दुकानात सोफ्याची एक बाजू भरून झाली. दुसरीत मन लागेना.

७ मार्च
संध्याकाळी ही आरशासमोर. गुणगुणत होती.
"तो म्हणतो तरी काय एवढं?" मी विचारलं.
"कोण?"
"तुझा सखा."
कंगवा हातात तसाच धरून हसली. "जळता की काय?"
"देवावर कोण जळेल," म्हटलं.
जळतच होतो. या वयात, आणि तेही कुणावर!

१० मार्च
पाळक दुकानात आले. चर्चच्या काही खुर्च्यांचं रेक्झिन फाटलंय. मी इतकी वर्षं तिकडं फिरकलो नाही, पण ते कधी टोचून बोलले नाहीत. आज मीच विषय काढला. म्हटलं, देवाबद्दल सांगायचं तर सरळ सांगावं, मध्ये हे प्रेमगीत कशाला?
फोमचा तुकडा चिमटीत दाबत म्हणाले, "देवाचं प्रेम डोळ्यांना दिसत नाही. नवराबायकोचं दिसतं. म्हणून तिथून सुरुवात."
"आणि घरात तेही दिसत नसेल तर?"
"ते घरच्यांनाच विचारा," म्हणाले आणि उठले.
विचारणार कसं? जीभ रेटत नाही.

१४ मार्च
खुर्च्या पोचवायला गेलो तर वर्ग चालू होता. दार अर्धवट उघडं. कुणीतरी बाई विचारत होती, देवाची भीती वाटते, त्याला प्रियकर कसं म्हणायचं?
मग हिचा आवाज आला. "आमचं बाळ गेलं तेव्हा माझ्या अंगात जीव नव्हता. हात वर उचलवायचा नाही. हे रोज दुकानातून यायचे आणि माझे केस विंचरायचे. एकेक गुंता सोडवायचे, हळूहळू. देव कसा असेल ते मला तेव्हा कळलं. हे चर्चला येत नाहीत. पण मला देवाकडं यांनीच आणलं."
खुर्च्या व्हरांड्यात ठेवल्या नि बाहेर आलो.
मला वाटायचं, तिला ते आठवतही नसेल. त्या दिवसांत ती असूनही नसल्यासारखी होती. आणि ज्या देवाकडं मी तिला नेलं म्हणते, त्याच्याशी मी तेव्हाच अबोला धरला होता. बाळ नेणाऱ्याशी बोलायचं काय?
रात्री घरी आलो. तिनं वाढलं, मी जेवलो. ती उठेपर्यंत मीही पानावरून उठलो नाही.

१६ मार्च
आज हिच्याबरोबर चर्चला गेलो. मागच्या बाकावर बसलो. प्रार्थनेला सगळ्यांनी माना खाली घातल्या, मीही घातली. मग त्याला बाळाबद्दल विचारलं. मनात साचलेलं सगळं.
बाहेर पडताना ही माझ्याकडं बघत म्हणाली, "डोळे लाल झालेत. प्रार्थना केलीत?"
"नाही. भांडलो."
तिनं माझा हात धरला, रस्त्यात, लोकांदेखत.
"बरं झालं," म्हणाली. "अबोला तरी सुटला."