बिशप मातूश यांच्या टेपवरून मी काढून टाकलेला आवाज

मी, ईशानी श्रीकांत देवस्थळी, वय ३४, ध्वनी अभियंता, मूळ राहणार पुणे, सध्या दुबई सिलिकॉन ओएसिस, हे मृत्युपत्र स्वतः टाइप करत आहे. बुद्धी शाबूत आहे, कुणाचा दबाव नाही. मंगळवारी माझ्या डाव्या कानामागची गाठ काढणार आहेत. धोका कमी आहे, शून्य नाही.

१. पुण्याच्या फ्लॅटमधला माझा अर्धा हिस्सा आणि बँकेतली शिल्लक भाऊ वेदांग याला. ‘तुझं काय, तू तिकडे एसीत,’ असं तो आईच्या आजारपणात म्हणाला होता. ते मी विसरलेले नाही. पण शेवटचे चार महिने आईला अंघोळ त्यानेच घातली.

२. टेप मशीन, स्पीकर आणि हेडफोन माझी फ्लॅटमेट इन्शा हिला. ती ते विकेल. विकावेत. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. कागद हरवत नाही अशी माझ्या ओळखीत ती एकटीच आहे.

३. माझे बॉस राजन सर यांना काही नाही. पुढच्या कलमातल्या टेपच्या वेळी ‘हबीबी, क्लायंटला क्लीन ऑडिओ पाहिजे, यल्ला, डिलिव्हर कर,’ असं ते म्हणाले होते. अर्थात आवाज गाळण्याची सेटिंग्ज मीच लावली होती. चूक माझ्या नावावर राहू द्यावी.

४. ही चूक नोंदवून ठेवते.

अबू धाबीच्या खलिफा सिटीत राहणाऱ्या नर्स मार्टा यांनी मार्चमध्ये एक जुनी टेप साफ करायला दिली. तिच्यावर त्यांचे काका, बिशप मातूश, यांची १९९१ची मुलाखत होती. कम्युनिस्ट राजवटीतल्या चेकोस्लोव्हाकियात त्यांना एका स्वयंपाकघरात गुपचूप बिशप केलं गेलं. पहिल्या खेपेला नऊ वर्षं तुरुंगवास झाला. सुटल्यावर ते लिफ्ट दुरुस्त करायचे आणि लिफ्टच्या मशीनरूममध्ये, मोटर चालू ठेवून, तरुणांना धर्मगुरूपदाची दीक्षा द्यायचे. १९७४मध्ये कुणीतरी खबर दिली. पुन्हा सहा वर्षं. हे सगळं मार्टांनी मला टेप देतानाच सांगितलं, एखाद्या पेशंटची हिस्टरी सांगावी तसं.

टेप एकदाच वाजली. तिचा थर मशीनला चिकटून सुटला. कच्ची डिजिटल प्रत करारानुसार साठ दिवसांनी पुसली. मेच्या अखेरीस मार्टांचा फोन आला. ‘तुमची खबर कुणी दिली?’ या प्रश्नानंतर चार मिनिटं पूर्ण शांतता का आहे, असं त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, “इथे माझे काका श्वाससुद्धा घेत नाहीत.”

साफ करताना जे गाळलं जातं त्याची मी वेगळी फाइल ठेवते, चांगलं काही गेलं नाही ना हे तपासायला. या कामात ती तपासली नव्हती. त्या रात्री उघडली. चार मिनिटांत श्वास होता. आणि टेबलावर बोटाचे ठोके होते. सॉफ्टवेअरने ते मशीनची खटखट समजून काढले होते. मीही तेच समजले असते.

तुरुंगातले कैदी भिंतीवर ठोके देऊन बोलायचे. अक्षरांचा एक तक्ता: पाच ओळी, पाच रकाने. आधी ओळीचे ठोके, मग रकान्याचे. पहिली चार रोमन अक्षरं जुळवायला मला सहा मिनिटं लागली. ‘ब्रात’, म्हणजे भाऊ. याला शब्दकोश लागला नाही. पुढच्याला लागला: ‘मला माहीत आहे. मुलीला सांगू नका.’

भाऊ म्हणजे मार्टांचे वडील, मुलगी म्हणजे मार्टा. बिशपांना एकच भाऊ होता. सुटून आल्यावर ते दर रविवारी त्याच्याच घरी जेवायचे आणि सूप दुसऱ्यांदा मागून घ्यायचे, असं मार्टांनी सांगितलं होतं. दोघांचे फोटो त्यांच्या दिवाणखान्यात शेजारी शेजारी आहेत.

मी मार्टांना कळवलं की गाळलेल्या भागात फक्त खरखर आहे. हे खोटं होतं.

५. तेव्हापासून आमच्या टॉवरची लिफ्ट अठराव्या मजल्यावर थांबली की मला ठोके ऐकू येतात. गाठीमुळे कानात गुणगुण होईल, असं डॉक्टर म्हणाले. ठोके त्यांच्या यादीत नाहीत. मी ते मोजते. अक्षरं होत नाहीत, तरी मोजते.

६. सदर फाइल व ठोक्यांचा तक्ता माझ्या मृत्यूनंतर मार्टा यांना कुरिअरने पाठवावा. ~ रद्द. खाली पाहा. ई.दे.

७. कलम ६ रद्द करण्याचं कारण. काल इन्शाला हा मसुदा वाचून दाखवला. बिशपांची शेवटची इच्छा मोडायची तर निदान मेल्यावर मोडावी, असा माझा हिशेब होता. मी तिला सिस्टर अगाता यांच्याबद्दलही सांगितलं. या नन बिशपांचे निरोप पोचवायच्या. खबर त्यांनीच दिली असं अख्खं गाव आजवर धरून चाललं आहे. आता त्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत, वृद्धाश्रमात. दर नाताळला मार्टांना कार्ड पाठवतात. मार्टा ती न उघडता टाकून देतात. हे त्यांनी मला थोड्या अभिमानाने सांगितलं होतं.

इन्शा भांडी घासत होती. तिने नळ बंद केला.

“मेलेल्याचं ऐकलंस. त्या म्हातारीचं काय गो? ती तुझ्या मरणाची वाट बघत बसणार?”

मी म्हटलं, बिशपांनी स्पष्ट सांगितलंय.

“त्यांना काय ठाऊक, दोष कुणाच्या डोक्यावर बसणार ते. तुला ठाऊक आहे.”



म्हणून नोंद: बिशपांची सूचना मी मोडत आहे. कुणाच्या वतीने नाही, माझ्या जबाबदारीवर. मार्टांना मी आज दुपारी तीनला येते असं कळवलं आहे. कशासाठी, ते फोनवर सांगितलेलं नाही. फाइल, तक्ता आणि मी खोटं बोलले ही कबुली, तिन्ही त्यांना समोर बसून देईन. त्या मला घराबाहेर काढू शकतात. त्या दिवाणखान्यातल्या फोटोंचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं. सदर फाइल माझ्या पश्चात वाटण्याच्या मालमत्तेत धरू नये.

वरील मजकूर मी वाचला, तो माझा आहे. खाडाखोड एकच, कलम ६. तिच्याशेजारी माझी आद्याक्षरं आहेत. दोन्ही साक्षीदारांना यातून काही मिळत नाही. त्यांच्यासमोर मी सही केली, माझ्यासमोर त्यांनी.

सही: ईशानी श्रीकांत देवस्थळी
साक्षीदार: १. अबरार मुकादम, सहकारी
२. वैभवी टिळेकर, शेजारी

दुबई, शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५, दुपारी १२.४०. टॅक्सी खाली उभी आहे.