गजांतून आलेला डबा

ताई,

देशाचं दिवाळं निघालं, साहेब मागच्या दारानं पसार झाले आणि बँकेच्या बंद दारावर शिव्या खायला मी वॉचमन उरलो. आज रांगेत बाबाही होते. त्यांची पेन्शन आतच अडकलीय. सगळ्यांत मोठ्यानं तेच ओरडत होते. दाराशी पोचल्यावर त्यांनी गजांतून डबा सरकवला. "आधी जेव, मग शिव्या देतो."

"चोरांना डबे पुरवतोय म्हातारा!" कुणीतरी त्यांची कॉलर धरली. "कोण लागतो हा तुमचा?"

बाबांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "मी नाही ओळखत यांना."

कॉलर सुटली. बाबा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

हे पत्र पेटीत टाकणार नाही, तू रडशील. डबा तसाच आहे. घरी पोचलो की बाबा पहिलं हेच विचारतील, "जेवलास का?"

तुझा,
धाकटा