लाल ठिपक्यांची साथ

४ मार्च, सोमवार
माझी कृत्रिम जीवसृष्टी तयार! स्क्रीनवर हिरवे ठिपके फिरतात, खातात, एकाचे दोन होतात, मरतात. पिढ्यान्‌पिढ्या आपले आपणच सुधारतात. आता फक्त व्हायरस घालायचा. हातचा मळ आहे. आठवडाभरात उरकतो.
घाईचं कारण सासूबाई. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तेवीस तारखेला राहायला येतायत आणि हिला माझी ही कॉम्प्युटरची खोली त्यांच्यासाठी हवीये. बरीच घासाघीस झाली. शेवटी पैज लागली. बावीसला सगळ्यांसमोर साथ पसरवून दाखवायची. सगळे ठिपके मेले तरी मी नापास, व्हायरस मेला तरी नापास. जिंकलो तर खोली माझी, सासूबाई हॉलमध्ये. हरलो तर मी आणि कॉम्प्युटर बाल्कनीत, वॉशिंग मशीनशेजारी. ही माझ्याआधीच हो म्हणाली. विश्वास म्हणतात तो हा.

६ मार्च, बुधवार
व्हायरस क्रमांक एक. ठिपक्यात शिरतो, स्वतःच्या प्रती काढतो, ठिपका फोडून बाहेर. चहा घेऊन परत येईपर्यंत सृष्टी साफ. एकही शिल्लक नाही. म्हणजे व्हायरस उत्तम आहे, ठिपकेच नाजूक निघाले.
मुलगी म्हणाली, बाबा, सगळे मेले तर व्हायरस राहणार कुठे? चौथीतल्या पोरीला यातलं काय कळणार! (मुद्दा लिहून ठेवतो. माझ्या मनात होताच.)

९ मार्च, शनिवार
व्हायरस क्रमांक दोन. सौम्य. इतका की कुणाला झालाय तेच कळेना. मग युक्ती सुचली. लागण झाली की ठिपका लाल! एका ओळीचं काम, पण आता लांबूनही दिसतं. अशा बारीकसारीक गोष्टींतच प्रतिभा दिसते.
मला सर्दी झालीये. दुर्लक्ष करणार.

११ मार्च, सोमवार
नाक लालभडक. ऑफिसला दांडी. वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड हेडमास्तर लिफ्टमध्ये भेटले. त्यांना संसर्गाचं गणित समजावलं. कमी ऐकू येतं, म्हणून अगदी कानाशी तोंड नेऊन. त्यांचा मजला आल्यावरही दार धरून ठेवलं, कारण मुख्य भाग राहिला होता. हेडमास्तर भारावून गेले. रुमालाने तोंड पुसत राहिले.

१३ मार्च, बुधवार
हेडमास्तर आजारी. ही आजारी. मुलगी शिंकतेय. मी महत्त्वाच्या कामात असलो की नेमकं यांना आजारपण सुचतं. हिला म्हटलं, तू पडून राहा, मी शेजारी बसून मॉडेल समजावतो. तिने पांघरूण डोक्यावरून ओढलं.

१६ मार्च, शनिवार
इथेच घोडं पेंड खातंय. साथ जोरात सुरू होते आणि मध्येच विझते. हिरवे ठिपके भित्रे झालेत. लाल दिसला की पळतात. मी त्यांना पळायला शिकवलेलंच नाही!
हिने दारातूनच, नाकाला रुमाल लावून विचारलं, त्यांना रंग दिसतो का? म्हटलं, दिसणारच. पिकलेलं खाणं ओळखायला मीच डोळे दिलेत. ती म्हणाली, मग आजाऱ्यांना लाल कशाला केलंस? म्हटलं, मला दिसावेत म्हणून. तिने कपाळाला हात लावला. बरं वाटत नसावं तिला.

१९ मार्च, मंगळवार
रंग काढणार नाही. काढला तर बावीसला लोकांना दिसणार काय, कपाळ? त्यापेक्षा लाल ठिपक्यांना वेग दिला. आता लाल जोरात पळतात. हिरवे त्याहून जोरात पळतात.
हेडमास्तर बरे झालेत. मला बघितलं की लिफ्ट सोडून जिन्याने जातात. या वयात व्यायामाची आवड लागली, कौतुक आहे. मुलगी अभ्यास घेऊन स्वयंपाकघरात बसते. जेवताना शेजारची खुर्ची मोकळी असते. माझ्या एकाग्रतेची किती काळजी घेतात!

२२ मार्च, शुक्रवार
प्रात्यक्षिक झालं. ही आणि मुलगी उंबरठ्याबाहेर उभ्या राहिल्या. आत या म्हटलं, इथूनच दिसतं म्हणाल्या. लाल ठिपके सोडले. हिरव्यांनी तत्काळ चारही कडा गाठल्या. लाल एकेक करून संपले. शेवटचा मध्यभागी एकटाच गोल गोल फिरत होता. मुलगी म्हणाली, बिच्चारा. मग तोही विझला. सृष्टी ठणठणीत.
ही टाळ्या वाजवत नव्हती. मशीनशेजारची जागा पुसायला फडकं शोधत होती.

२४ मार्च, रविवार. बाल्कनी
जागा तशी हवेशीर आहे. फक्त मशीन सुरू झालं की स्क्रीन थरथरते, त्यामुळे ठिपके जास्त चपळ वाटतात. फायदाच.
सासूबाई काल आल्या. त्यांना तरी नीट समजावावं म्हणून खोलीत गेलो. वॉकर मध्ये आडवा धरून म्हणाल्या, जावईबापू, तिथूनच सांगा. तिथून सांगितलं. त्यांना झोप लागली.
आज शेवटी रंगाची ती ओळ काढून टाकली. हिरवे पळायचे थांबले. आकडे सांगतात, साथ झकास पसरतेय, मरत कुणीच नाही. जिंकलो! स्क्रीनवर मात्र सगळे हिरवेच हिरवे, काही म्हणता काही दिसत नाही. म्हटलं, हरकत नाही, समजावून सांगता येईल. जोरात हाक मारली, सगळे या, जवळ या, साथ आली!
आतून कडी लागल्याचा आवाज आला.
मशीनच्या काचेत पाहिलं. नाक अजून लाल आहे.