चूल नलूबाईंच्या हद्दीत

प्रति,
मा. उपअधीक्षक,
भूमि अभिलेख कार्यालय, महागाव,
जि. यवतमाळ.

विषय : शेजारणीविरुद्धची अतिक्रमणाची तक्रार मागे घेण्याबाबत व अर्जदाराच्या स्वयंपाकघराखालील जागा तिच्याच मालकीची ठेवण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराची तक्रार व त्यावरून झालेली मोजणी.

महोदय,

अर्जदार भावसिंग धावजी आडे, रा. फुलसावंगी, याने शेजारच्या श्रीमती नलूबाई खंदारे यांच्या गोठ्याने आपली हातभर जागा गिळल्याची तक्रार केली होती. "कब्जा म्हणजे मालकी नव्हे" असे त्याने तीत ठणकावून लिहिले होते.

मोजणीच्या दिवशी अर्जदाराने साक्षीला अर्धी आळी जमवली, चहा ठेवला. मोजणीदारांनी हद्दीची खूण केली ती गोठा सोडून थेट अर्जदाराच्या स्वयंपाकघराच्या दारात. गोठा नलूबाईंच्याच जागेत निघाला, आणि अर्जदाराची चूलही. चहा मात्र सर्वांनी आवडीने घेतला.

पुढे एका जाणकाराने सांगितले की, ताबा बारा वर्षांच्या वर असल्याने प्रतिकूल कब्जाने मालकी मागता येईल. अर्जदाराला कायदा एकाएकी फार आवडू लागला. परंतु पत्नी सौ. बबिता म्हणाली, "काल नलूबाई चोर होती. आज तिची जागा तुम्हीच घ्याले निघाले?" आणि तिने स्वयंपाक ओसरीवर हलवला. अर्जदाराशी बोलणेही बंद केले.

अखेर अर्जदार मान खाली घालून नलूबाईंच्या दारी गेला. पाडा म्हणतील, अशीच त्याची तयारी होती. त्या म्हणाल्या, "सैपाकघर पाडून मले काय भेटते, भाऊ? लेकरं जेवू द्या. पन जागा माही हाय, हे कागदावर लिवा. तोंडी तं तुम्ही मले चोरबी म्हनलं व्हतं."

अर्जदाराने घरी येऊन हा अर्ज लिहायला घेतला.

सबब विनंती की, तक्रार निकाली काढावी, मोजणीची हद्द कायम करावी व जागा नलूबाईंच्याच मालकीची नोंदवावी. अर्जदारास मालक, सहमालक, वहिवाटदार यांपैकी काहीही लिहू नये. 'मालकिणीच्या परवानगीने वापरणारा' एवढेच लिहावे.

नलूबाई सोबत आल्या असून बाहेर बाकावर बसल्या आहेत. शेळ्या सोडायची वेळ झाली म्हणून त्या दोनदा आत डोकावल्या. तरी साहेबांनी लवकर पाहावे.

आपला नम्र,
भावसिंग धावजी आडे
दि. १८ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) मोजणी नकाशाची प्रत
२) नलूबाईंची लेखी परवानगी
३) मूळ तक्रार (पुन्हा न वाचल्यास उपकार होतील)